कुलूप पोचलं, किल्ली नाही

दि. ४ जानेवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. आत पितळी कुलूप एक, पुसायचं फडकं एक, चिठ्ठी नाही. वर तिकिटं पंचेचाळीस रुपयांची! तेवढ्यात तू स्वतः अर्ध्या वाटेपर्यंत आली असतीस.

कुलपावर ‘ठकी’ कोरलेलं वाचलं आणि ते पालथं ठेवलं. तुझे वडील तिजोरी फोडली म्हणून तुरुंगात गेले, आईविना नऊ वर्षांची तू माझ्या दारात आलीस. मी लाडाने ठेवलेल्या नावाचं गल्लीने दोन दिवसांत ‘ठकाची ठकी’ करून टाकलं. तेव्हापासून मी ते तोंडातून काढलं नाही, आणि तू ते कुलपांच्या दुकानाच्या पाटीवर लावतेस!

आता माझा पराक्रम ऐक. जुन्या लोखंडी कपाटाला कसं दिसतं म्हणून कुलूप अडकवलं, जरा दाबलं, तर खट्! बसलंच की. खोक्यात किल्ली नाही. माझा चष्मा, पोथी आणि काकांचा कोट आत. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. काका म्हणतात, भाची विसराळूपणात मावशीवर गेली.

देव तुला सांभाळो. किल्ली धाड.

तुझी मावशी

दि. ८ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

किल्ली विसरले नाही गं. कुलूप आणि किल्ली एका पार्सलात घालायची नाही, हा दुकानाचा नियम. कुलूप पोचल्याचं पत्र यावं, किल्ली कोणाच्या हाती द्यायची ते नाव कळावं, मगच ती निघते. दाबून बघू नये, ही चिठ्ठी घालायची राहिली, तेवढी चूक माझी.

नावाचं म्हणशील, तर पहिल्या वर्षी लोक पाटी वाचायचे, वडिलांचं विचारायचे, मी खरं ते सांगायची, की चालले परत. मग इथल्या इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी औषधांच्या खोलीचं एक दार दिलं. आज तिथली त्रेसष्ट दारं माझी. नर्सबाई एकमेकींना ‘कुलूप लावलं का’ म्हणतच नाहीत, ‘ठकी लावली का’ म्हणतात.

मी आले त्याच संध्याकाळी तू त्या कपाटाला कुलूप लावलंस. मी समोर निजायची आणि त्या कुलपाच्या पोटात काय फिरत असेल, याचा विचार करायची. तुला ताप भरला तेव्हा केसाच्या आकड्याने ते उघडलं, कांबळं काढून तुझ्यावर घातलं, पुन्हा लावलं. आजवर बोलले नाही. माझा धंदा त्या आकड्यापासूनचा, म्हणून स्वतः घडवलेलं पहिलं पितळी कुलूप तुला.

घर सोडून बारा वर्षं झाली. तुझ्या एकाही पत्रात ‘ये’ नसतं, म्हणून वस्तूच पाठवत राहते. माया पातळ करू नकोस.

तुझी भाची

दि. १२ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पंचवीस वर्षांनी हे नाव लिहिलं.

ताप उतरला तेव्हा अंगावर कांबळं होतं, कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे मला त्याच सकाळी कळलं होतं. कपाट उघडून पाहिलं, एक सुई हललेली नव्हती. तरी कुलूप काढलं नाही. सासूबाई काय म्हणतील, शेजारीण काय म्हणेल! तू गेलीस त्या दिवशी काढलं, मग कित्येक दिवस कपाटाकडे बघवेना. देवापुढे रोज कबूल करत आले, तुझ्यापुढे जीभ उचलली नाही. ‘ये’ तरी कोणत्या तोंडाने लिहू?

काका लोहाराला बोलावून कडी कापायला निघाले होते. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार. पोथी मला पाठ आहे, आणि तुम्ही शाल पांघरा. शेजारीण विचारत होती, कपाटाला झालं काय? मोठ्यांदा सांगितलं, ठकी लावली आहे.

किल्ली टपालाने पाठवू नकोस. तुझ्याच नियमाप्रमाणे नाव कळवते: ती ठकीच्याच हाती द्यावी. कोणत्या गाडीला उतरतेस, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी मावशी