शिवणीतली माया

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे इच्छापत्र लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडं येतं ते वयामुळे, डोकं ठिकाणावर आहे. इच्छा देवाची की माणसाची, या वादात माझं घर मोडलं, म्हणून मजकूर लांबेल. वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

१. राहतं घर मुलगा व मुलगी यांना निम्मं निम्मं. बँकेतली शिल्लक मुलीची, माझं औषधपाणी तिनेच केलं.

२. मशीन व कात्र्या दुकानातल्या कारागिराला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये, हे आता तरी ऐकावं.

३. माझ्या अंत्यविधीत चर्चच्या पाळकांनी ‘देवाचे निवडलेले’ या विषयावर बोलू नये. तो विषय मी घरात पुरेसा बोललो आहे.

४. मुलाने अठराव्या वर्षी दृढीकरणाला, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला विश्वास कबूल करण्याच्या विधीला, नकार दिला. म्हणाला, “बाबा, मला पटेल तेव्हा मी स्वतःहून येईन.”

“तू कोण येणारा? बोलावतो तो देव. तुला त्यानं निवडलंच नाही.”

“मग यात माझं काय चुकलं?”

मी आवाज चढवला. त्या विधीसाठी त्याचा कोट शिवत होतो. पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. हा घडायचा तेवढा घडला, आता काय वाढणार, असं म्हणत मी रागारागाने ती कापून टाकली.

बहिणीच्या लग्नाला तो नोकरीच्या गावाहून आला. तोच कोट घालायला घेतला, तर खांद्यात अडकला. त्याने तो उलटा करून पाहिला आणि हळूच म्हणाला, “बाबा, यात माया नाही.” कोट खुर्चीवर ठेवून गेला, तो पुन्हा आला नाही.

देवाच्याच मनात तसं होतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण कात्री माझ्या हातात होती. आत्म्याचं तारण देवाकडून येतं यावर माझा आजही विश्वास आहे. कोणाला आत घ्यायचं, हे ठरवायला मला मात्र कोणी दारात बसवलं नव्हतं. तरी मी बसलो, याची मला फार लाज वाटते.

५. “चर्चच्या मंडळीत परतला तरच मुलाला हिस्सा, अशी अट घाला,” असं वकीलसाहेब म्हणाले. मी घातलीही. मुलीने वाचून विचारलं, “बाबा, कृपेला अट नसते, हे तुम्हीच शिकवलंत ना?” अट खोडली आहे, खाडाखोडीवर सही आहे. हिस्सा नको म्हणायची त्याला मोकळीक आहे, इच्छापत्रातून त्याचं नाव वगळायची कोणालाही नाही.

६. कपाटात नवा कोट आहे, तो मुलाचा. माप घ्यायला तो समोर नव्हता, त्यामुळे चुकला असणार. प्रत्येक शिवणीत चार बोटं माया ठेवली आहे. कारागीर हसला, हसू दे. बाळा, उसवून बघ. उसवायला तुला मीच शिकवलं होतं.

वाचून, समजून सही केली: शिंपी, मुलाचा व मुलीचा बाप

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, मंडळीचे पाळक (कलम ३ वाचून, विनातक्रार)

स्थळ: दुकानामागची खोली

दिनांक: रविवार, उपासनेनंतर