झाऱ्यातून निघालेला सूर

मनीषनगर, नागपूर
बुद्ध पौर्णिमेनंतरचा रविवार

आदरणीय चंपतमामा यांस,

तुमच्या भाचीचा, प्रीतीचा, सप्रेम जय भीम. मीरामामींनाही सांगा. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मे महिन्यात नागपुरात माणूस जेवढा ठीक असू शकतो तेवढे. तुमचं बीपी कसं आहे? चंद्रपूरचं ऊन आमच्या उन्हाच्या एक पाऊल पुढेच असतं असं तुम्हीच अभिमानाने सांगता, तेव्हा दुपारचे बाहेर पडत नसाल अशी आशा आहे. फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र काय लिहीत बसली, असं वाटेल. मामा, फोन करते तेव्हा मामी उचलतात, 'ते झोपले' म्हणतात, आणि मागून तुमचाच आवाज येतो, 'सांग तिले, आताच झोपले म्हणून.' फॅमिली ग्रुपमधून तर तुम्ही आपल्या गुंजनच्या लग्नानंतर लगेच बाहेर पडलात. कागदाचं बरं असतं. कोणाचा आहे हे बघायला तरी उघडावाच लागतो.

गुंजनच्या हळदीला काय झालं ते तुमच्या बाजूने कसं दिसलं मला ठाऊक नाही. आमच्या बाजूने असं दिसलं की बाबा गात होते, तुम्ही ढोलकीवर होता, गाणं रंगात आलं होतं, आणि मधेच बाबा माईकवर म्हणाले, 'चंपत, ढोलकीले बस पकडाची आहे काय?' पाहुणे हसले. तुम्ही हसला नाहीत. 'भाऊजी, आता तुम्हीच म्हणा अन् तुम्हीच वाजवा,' म्हणून उठलात ते थेट चंद्रपूरला. (ढोलकी पळत होती की बाबा रेंगाळत होते, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. आई तुमच्या पक्षात आहे, पण ती तुमची बहीण असल्याने तिचं मत मोजत नाहीत.) त्यानंतर काही महिन्यांनी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो कायमचाच, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

डॉक्टरांनी बाबांना गळ्याला लावून बोलायचं एक विजेचं यंत्र दिलं. टॉर्चसारखं दिसतं. ते गळ्यावर टेकवून ओठ हलवले की शब्द ऐकू येतात, पण सगळे एकाच सुरात. 'चहा दे' आणि 'आग लागली' यांत कानाला काही फरक नाही. बाबांनी पहिलं वाक्य आईला ऐकवलं, 'माया, कशी आहेस?' आई भाजी टाकून बाहेर आली आणि म्हणाली, 'मिक्सरातून कायले बोलून राहिले?' झालं. बाबांनी ते यंत्र पुसलं, डब्यात ठेवलं आणि डबा कपाटात वर टाकला. ज्या माणसाने जन्मभर चौकाचौकांत आणि विहाराविहारांत गाणी म्हटली, त्याला एका सुरात बोलायला सांगणं म्हणजे तुम्हाला जन्मभर टेबल वाजवायला बसवण्यासारखं होतं. मग घरात खुणा सुरू झाल्या. एक टाळी म्हणजे चहा, दोन टाळ्या म्हणजे पंखा. कॉलेज कसं चाललंय, जेवलीस का, असं विचारायला टाळी नव्हती, त्यामुळे ते कोणी विचारेनासं झालं. बाबा दिवसभर खिडकीत बसत आणि खाली रस्त्यावर नवीन इमारतींचं सिमेंट येताना बघत.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, हे तुम्ही 'मुलांना दिवे लावायला शिकवते' असं सांगता ते मला कळलं आहे. पण त्याच दिव्यांच्या नादात मला सुचलं की हात न लावता वाजणारं एक वाद्य असतं. (युक्ती माझी नाही, शंभर वर्षं जुनी आहे. माझा फक्त झारा आहे, तोही आईचा.) सीताबर्डीहून थोडे सुटे भाग आणले, एक जुना रेडिओ फोडला, पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात सगळं बसवलं. उजवीकडे एक उभी धातूची दांडी लागते, तिथे झारा उभा केला. डावीकडे तांब्याच्या तारेचं कडं. उजवा हात झाऱ्याजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्यावर खाली आणला की आवाज बारीक होतो, वर उचलला की मोठा. कशालाच शिवायचं नाही. सगळं हवेत.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून आईने त्याचं नाव 'रडकी' ठेवलं आणि विचारलं, 'माहा झारा काहून नेला वं तिच्यासाठी?' पुढचे काही दिवस मी संध्याकाळी रडकीवर सारेगम काढायचा प्रयत्न करत होते. तो सारेगमपर्यंत पोचत नव्हता. एका संध्याकाळी दारात गार्गी नावाची मुलगी उभी, भटक्या कुत्र्यांचं काम करते, हातात बिस्किटांचा पुडा. खालच्या मजल्यावरून तिला फोन गेला होता की वरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी पिल्लू कोंडून ठेवलं आहे आणि ते रोज रडतं. मी तिला आत घेतलं आणि पिल्लू वाजवून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, 'ताई, पिल्लू असतं तर मी घेऊन गेले असते.' बिस्किटं मात्र ठेवून गेली.

बाबा हे सगळं खिडकीत बसून बघत होते, जणू शेजाऱ्यांकडे चाललंय. गार्गी गेल्यावर ते पाणी प्यायला उठले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाबा, एकदा हात लावून बघा, म्हणजे न लावता बघा. त्यांनी मान फिरवली आणि उजव्या हाताने 'नको, नको' केलं. रडकी चालूच होती, आणि ते तिच्या अगदी शेजारी उभे होते. त्या 'नको'तून एक लांब मींड निघाली, वरून खाली घसरत आलेली, ओलसर. मामा, तुम्ही ती ओळखली असती. कडव्याच्या शेवटी बाबा आवाज जसा खाली ठेवायचे, अगदी तसा. बाबा हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा 'नको' केलं, या वेळी सावकाश. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ हाताला लागलेलं घेऊन उभी होती. ती पुढे आली तसा सूर वर चढला (रडकीला माणूस जवळ आलेला कळतो), म्हणून बाबांनी डोळे वटारून तिला मागे जायला सांगितलं. कितीतरी दिवसांनी बाबा कोणावर तरी चिडले होते, आणि आईला एवढा आनंद झाला होता की ती पार न्हाणीपर्यंत मागे गेली.

त्यानंतर आमच्या घरात चालणं अवघड झालं. रियाजाच्या वेळी कोणी हलायचं नाही. आई झाडू घेऊन गेली की धैवत चढतो. कूलरची पत्र्याची पेटी जवळ असली की सूर भलतीकडे जातो, म्हणून कूलर बाल्कनीत गेला आणि आम्ही मे महिन्यात घामाघूम होऊन कोमल सूर ऐकू लागलो. सगळ्यात मोठा शत्रू डास. मानेवर डास बसला आणि बाबांनी चापट मारली की करुण ओळीच्या मधोमध सायरन. पण हातात सूर येत गेला. आणि मजा अशी की या वाद्याला श्वास लागत नाही, तरी ओळ संपली की बाबा थांबतात, छाती भरून घेतात आणि मगच पुढची उचलतात. सवय.

मग विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमाला अध्यक्षांनी बाबांचं नाव घातलं. तालाचं काय, हा प्रश्न होता. तुमचं नाव कोणी काढलं नाही. मी मोबाइलवरची ढोलकी लावायचं ठरवलं, त्यात ताल निवडता येतो, लय निवडता येते. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण मानले.

त्या संध्याकाळी विहार भरलं होतं. रडकी टेबलावर, झारा चकचकीत घासलेला, बाबा पांढऱ्या सदऱ्यात. बाबांनी पाळणा सुरू केला आणि लोक एकदम गप्प झाले. नेमकं तेव्हाच अध्यक्षांना बाबांचा सत्कार आठवला. ते शाल घेऊन निघाले, आणि ते अंगाने भरलेले असल्याने सूर लांबूनच चढायला लागला. जसे जवळ येत गेले तसा पाळण्याचा भोंगा झाला. 'अध्यक्षसाहेब, मागे सरा गा,' कोणीतरी ओरडलं. ते शाल घेऊन मागे सरले, पाळणा परत खाली आला. लोक हसले, बाबाही हसले. इथपर्यंत ठीक होतं.

बिघडलं ते मोबाइलच्या ढोलकीने. बाबा ओळ संपवून थांबले, छाती भरून घ्यायला. ढोलकी थांबली नाही. तिला कशाला कळणार? ती चालत राहिली, बाबा मागे राहिले, दुसरी ओळ पकडायला गेले तोवर सम निघून गेली. पुन्हा तसंच. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, मागे. तिथे कोणीच नव्हतं, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या होत्या. बाबांचे हात खाली आले. रडकी गप्प झाली आणि ढोलकी एकटीच ठेका धरून बसली, ती मी धावत जाऊन बंद केली. मला वाटलं, हा माणूस आता घरी जाईल आणि खिडकीतून पुन्हा उठणार नाही.

तेवढ्यात आईने पाळण्याची पुढची ओळ म्हटली. जागेवरूनच, बसल्या बसल्या. तुम्हाला ठाऊक आहे, आईला सूर नाही. (बाबांनीच लग्नानंतर तसं सांगितलं होतं, तेव्हापासून तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.) ती बेसूर म्हणत होती आणि शब्द मात्र एकही चुकत नव्हती. बाबांनी हात उचलले आणि ती जिथे होती तिथे सूर नेऊन ठेवला, तिच्या बेसुरात. मग शेजारच्या बाया म्हणू लागल्या, टाळ्या धरल्या गेल्या. रडकीकडे शब्द नव्हते, ते त्यांनी दिले. बाबा थांबले की सगळं विहार थांबे, बाबांनी श्वास घेतला की सगळं विहार श्वास घेई. घरी येताना आई रिक्षात म्हणाली, 'मी ज्यादाच खाली गेली होती का वं?' बाबांनी तिचा हात धरला आणि मनीषनगर येईपर्यंत सोडला नाही.

तर असं सगळं छान चाललं आहे. आता इंदोऱ्याकडच्या एका विहाराचं बोलावणं आलं आहे. तुम्ही काळजी करू नका, आमचं उत्तम भागतं. मामींना नमस्कार, प्रकृतीला जपा.

तुमची,
प्रीती

ता. क. : भागतं असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. टाळ्या एका पाळण्याला पुरतात, सबंध कार्यक्रमाला नाही. थांबणाऱ्या माणसासाठी थांबणारी ढोलकी लागते. तुम्ही याल का?

ता. क. २ : दवाखान्यात तुम्ही भेटायला आलात तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड केलं, म्हणून तुम्ही दारातूनच नर्सकडे सफरचंदं देऊन परत गेलात, असं मामींकडून कळलं. मामा, नळी उजवीकडे होती. त्यांना डाव्याच कुशीवर झोपायची परवानगी होती, आणि डावीकडे भिंत होती. पलंग आम्ही नव्हता लावला. तुम्ही आला होता हे त्यांना नर्सने सफरचंदं आणून नाव सांगितलं तेव्हा कळलं, आणि ती त्यांनी कोणाला खाऊ दिली नाहीत.

ता. क. ३ : वर 'याल का' विचारलं ते केवळ रीत म्हणून. इंदोऱ्याच्या कार्यक्रमाचं फ्लेक्स कालच छापून झालं. त्यावर तुमचं नाव बाबांच्या नावाएवढ्याच अक्षरात आहे. फ्लेक्सवाल्याने तुमचा फोटो मागितला. आमच्या घरात तुमचा एकट्याचा फोटो एकही निघाला नाही, सगळ्यांत तुम्ही आणि बाबा एकाच माईकमागे आहात. फ्लेक्सवाला म्हणाला, अर्धा कापून घेऊ. बाबा त्याच्या दुकानात कात्रीवर हात ठेवून बसून राहिले, आणि शेवटी त्याने सबंधच छापला.