बारीकवर अडकलेली बॅटरी

४ फेब्रुवारी २०१९
खालची बॅटरी बाद हाय, हे आधी लिहिते. राम राम मागून. तक्रार तोंडी सांगू नका, वहीत लिहा, असं सोसायटीचे सेक्रेटरी आप्पाराव म्हणाले. घ्या मग.

मी भिवराबाई, युसूफ वडगावची. शाळा न्हाई, साक्षरतेच्या वर्गात चार महिने गेलते. पोरगा अर्धा कोयता म्हणून एकटाच ऊस तोडायला गेला. मी आन् सून विमल आजपासून पाणी सोसायटीच्या विहिरीवर. खोली चांगली, चूल धूर करत न्हाई. विमल लई दिवसांनी हसली.

विहीर नव्वद फूट. तळाला नुसता झिरा. विमलनं खाली बसून वाटीनं बादली भरायची, मी वर रहाट ओढायचा. खालचं बोलणं घुमतं, कळत न्हाई, म्हणून दोघींकडं एकेक बॅटरी. मुंडकं पिळून उजेड बदलायचा. घट्ट पिळलं की मोठा : बादली ओढा. जरा ढिलं केलं की बारीक : थांबा. झटकन ढिलं करून परत घट्ट केलं की लुकलुक : मला वर घ्या. वरचीनं तोच उजेड परत दाखवायचा. उत्तर आल्याबिगर खालची जागची हलत न्हाई. उत्तर दिलं की ओढायचंच.

विमलची बॅटरी बारीकच्या पुढं जात न्हाई.

५ फेब्रुवारी
आप्पाराव म्हणाले, आजी, बॅटरीचे न्हाई, तुमचेच आटे ढिले झालेत. मी म्हणलं, माझे निदान धुतलेले हायेत.

दुपारी खोलून बसले. आट्यात वाळू, काळा चिखल. दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला, फडक्यानं पुसलं, खोबरेलाचा थेंब लावला. मुंडकं आधी उलटं फिरवायचं, खट वाजलं की सुलटं. जोर केला की आटे एकमेकावर चढतात. आता तिन्ही उजेड येतात. सोसायटीत एवढे शिकलेले, ब्रश कुणाला सुचला न्हाई.

८ फेब्रुवारी
विमल खोलीत भाकरी करत होती. तिची बॅटरी माझ्या मांडीवर, सेल काढून उन्हात ठेवलेले.

तळातून लुकलुक आली.

माझा हात सवयीचा. वरच्या बॅटरीनं उत्तर देऊन बसले. मग दोर जड झाला. ओढला. निम्म्यात एकदम हलका. टोक वर आलं तर कमरेला मारतात तशी गाठ, ओली. मी गाठ मारली नव्हती. विमलला सांगितलं न्हाई.

१० फेब्रुवारी
वहीची पहिली पानं एकमेकांना चिकटलेली. वाफेवर धरून सोडवली. तीन पानांवर एकच ओळ. “बॅटरी बारीकवर अडकते, दुसरी द्या. साखराबाई.” गेल्या मे महिन्यातली.

पाणी न्यायला येणाऱ्या दगडाबाईला धरलं. आधी म्हणाली, कशापायी जुनं उकरता? मग बोलली. तुमच्या आधीची साखराबाई खाली होती, कपारीचा दगड पायावर आला. वर रहाटावर आप्पाराव. खालून बारीक उजेड. थांबा म्हणती, असं म्हणून तो जेवायला गेला. जेवून झोपला. संध्याकाळी काढली तेव्हा जीव गेला होता, मूठ बॅटरीवर आवळलेली.

तीच बॅटरी पुसून आमाला दिली.

११ फेब्रुवारी
आप्पारावला तोंडावर विचारलं. म्हणाला, मी नियम पाळला, उजेड बारीक होता. तीनदा लिहिलेलं वाचलं होतंस का, म्हणलं. उठून गेला.

उद्या दुपारच्या एसटीनं जायचं. सामान बांधलं.

१२ फेब्रुवारी
टँकर आला न्हाई. घरात घोटभर पाणी न्हाई. विमल म्हणाली, आत्याबाई, एक घागर भरते आन् निघू. नको म्हणलं. उतरली.

बारीक उजेड. थांबा.

आटे मी पुसलेत. अडकायचे न्हाईत ते.

बारीकच. हाक मारली, विमलचा आवाज न्हाई —

आता दोन उजेड. एक बारीक, विमलचा. शेजारी दुसरा, लुकलुक. मी लुकलुक दाखवली. दुसरा विझला. रहाट हलत न्हाई. दोर खालून कुणीतरी धरल्यासारखा. मी बॅटरी खाली ठेवली की परत लुकलुक. माझं उत्तर साखराबाईला नकोय. एकदा उत्तर देऊन पार वर काढलं न्हाई मी —

दगडाबाई आप्पारावला घेऊन आली. लिंबाखाली उभा हाय, पुढं येत न्हाई. नुसता खोकला. तेवढ्यात खालचा दुसरा उजेड मोठा झाला. पार काठापर्यंत. त्याला ओळखलं तिनं.

विमलचा उजेड मंद होतोय. मी विहिरीच्या भिंतीतल्या कड्या धरून उतरते. दगडाबाई, ही वही धर, वरची बॅटरीही धर. लुकलुक आली की तू दाखवायची न्हाई, मी ओरडले तरी न्हाई. उत्तर आप्पारावनंच द्यायचं. काठावर येऊन, खाली वाकून, त्यानंच. आन् उत्तर दिल्यावर दोर त्यानं —