माझ्या सहीचा कॉम्प्युटर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या पायांना वाकून नमस्कार. पत्र लिहायचं किती दिवस उद्यावर ढकलतोय, हे आधीच कबूल करतो, म्हणजे रागवायला तू दुसरं काहीतरी शोधशील (खाली भरपूर मिळेल). तुझे गुडघे कसे आहेत? आणि आतोबा दाराची कडी लावल्यावर खात्री करायला अजून पुन्हा उठतात का? त्यांना सांग, उठत जा. पूर्वी मी हसायचो, आता हसत नाही.

तर कॉम्प्युटर. आतोबा दुकानातून तयार आणून देत होते आणि मी नको म्हणालो, त्यावरून तुमच्याकडे काय बोलणं झालं ते माझ्या कानावर आलंय. (कुणाकडून, ते सांगत नाही. हल्ली मी कुणालाच काही सांगत नाही.) पण तूच बघ, तयार कॉम्प्युटर म्हणजे बंद डबा. आत नवं घातलंय की कुणाचं उतरवलेलं, कुणाला ठाऊक? तू स्वतः कोबीची वरची पानं उलटून बघितल्याशिवाय गड्डा घेत नाहीस. म्हणून ठरवलं, एकेक भाग आपण आणायचा आणि आपल्या हातांनी जोडायचा. आणि या वेळी धरसोड नाही. नकाशांच्या ऑफिसातल्या बाईंना तू माझ्यासाठी शब्द दिलायस, हे मी विसरलेलो नाही. घरी बसून नकाशे काढायचे, अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि तो चालतो का हे बाई शुक्रवारी स्वतः येऊन बघणार. नाही चालला तर काम दुसऱ्याला जाणार, आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीपुढे तुझी मान खाली. (बोटीवरची नोकरी, कोंबड्यांची नोकरी आणि छत्र्यांची नोकरी यांचा विषय इथे नको. छत्र्यांच्या मालकाबद्दल मात्र मला अजून शंका आहे.)

सुट्या भागांचा दुकानदार फार गोड बोलला. तिथेच मी सावध झालो. मेमरी देताना म्हणाला, हिच्या सोनेरी दातांना हात लावू नका. (मेमरी म्हणजे लांबट पट्टी. तिचे दात मदरबोर्डाच्या खाचेत बसतात, आणि मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे जाऊन बसतात तो, आपल्याकडे आतोबा आहेत तसा.) आता मला सांग, हात का लावायचा नाही? एवढं काय आहे त्या दातांत? आणि असेल, तर चोराची नजर आधी तिथेच जाणार.

चोर लांब कशाला शोधायचा? माझ्या खोलीत रेडिओ राहतो. लॉन्ड्रीत इस्त्री करतो. दिवसभर तोंडातून अक्षर काढत नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. मी भाग मांडून बसलो की हा कॉटवर पालथा पडून बघत राहतो, आणि मग जिन्यात जाऊन फोनवर कुजबुजतो. ज्याच्याकडे माझ्याशी बोलायला एक शब्द नाही, त्याच्याकडे जिन्यात एवढं बोलणं कुठून येतं? कुठेतरी पाणी मुरतंय, आत्या.

म्हणून बंदोबस्त केला. प्रत्येक भागावर कागदाचा तुकडा, त्यावर माझी सही आणि वरून चिकटपट्टी. कुणी भाग बदलला तर सही त्याच्याबरोबर जाईल आणि चोरी उघडी पडेल. पंख्यावर सही, वायरींवर सही, स्क्रूंच्या डबीवरसुद्धा सही. मेमरीचा मान मोठा, म्हणून तिची सही थेट सोनेरी दातांवर, चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी गुंडाळून. खाचेत जाताना जरा अडली, पण अंगठ्याने दाबल्यावर मुकाट्याने बसली.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच्या काळा. वर आतून शिट्टी वाजायला लागली. लांबलचक शिट्टी, जरा थांबून परत तशीच. शिट्टीचा अर्थ म्हणे सोबतच्या पुस्तिकेत दिलाय, पण पुस्तिका त्याच दुकानदाराने दिलेली. तिच्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा? माझ्या मते शिट्टी म्हणजे इशारा, कारण ती वाजली की रेडिओ उठून जिन्यात जातो.

दुकानदाराकडे तक्रार नेली, तर म्हणतो कसा, घेऊन या, उघडून बघू. म्हणजे उघडायला मिळावा म्हणूनच हे सगळं चाललंय. मी तसाच मागे फिरलो. मग रेडिओला तोंडावर विचारलं, माझी मेमरी बदललीस का? त्याने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली आणि म्हणाला, "हवी असती तर मागितली असती." एवढं शांतपणे कोण बोलतं, आत्या? ज्याची तयारी झालेली असते तोच.

बाकी माझी तब्येत उत्तम आहे. जेवतो, झोपतो, कडी दोनदा बघतो.

तुझा भाचा

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. शुक्रवारी बाईंना येऊ देऊ नकोस. मला ताप आलाय म्हण. अंगावर काहीतरी उठलंय असंही म्हण, म्हणजे जवळ यायचं नाव काढणार नाहीत.

आणखी ता. क. वरचं तापाचं विसर. सही खोटी आहे का ते तपासायला मेमरी उपसली आणि चिकटपट्टी सोलून सही उजेडात धरली. माझीच निघाली, शेवटचा फराटा माझ्यासारखाच घसरलेला. नवी चिकटवायला चिकटपट्टी उरली नव्हती, म्हणून दात उघडेच ठेवून मेमरी परत बसवली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. शिट्टी बंद, पडदा लख्ख. दातांवरच्या चिकटपट्टीनेच सगळं अडवलं होतं, असं एखादा म्हणेल. म्हणू दे. मला वाटतं रेडिओ घाबरला. असो, तुझा शब्द राहिला. पडद्यावर नकाशा उघडलाय आणि शुक्रवारपर्यंत बंदच करणार नाही.

शेवटचं ता. क. दार वाजलं. रेडिओने कोण आहे हे न विचारताच उघडलं, आणि दारात तू. मागे धापा टाकत नकाशांच्या बाई. आज शुक्रवार नाही. चप्पल काढायच्या आधी तू रेडिओला म्हणालीस, "बरं केलंस बाबा, रोज कळवत होतास. हा आम्हाला काही सांगेल तर शपथ." म्हणजे माझा संशय बरोबरच होता, फक्त चोरी वेगळी निघाली. बाई नकाशासमोर बसल्यात आणि मान डोलावतायत. तू मात्र कॉम्प्युटरकडे बघतही नाहीस. हात पुढे करून म्हणते आहेस, "मलाच लिहितोयस ना? आण इकडे." आणि तापाच्या ओळीवर डकवायला माझ्याकडे एक बोटभर चिकटपट्टी शिल्लक नाही.