हातवारेसाहेबांचा कोट

३ मार्च, दुपारी साडेबारा
आपल्या खासदाराने आज संसदेत माझा अपमान केला. टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. विषय असा की हाताने काम करणाऱ्या कारागिरांना सरकारने फुकट चष्मे द्यावेत की नाही. द्या नाहीतर देऊ नका, माझं काही म्हणणं नाही. पण हा उभा राहिला, उजवा हात छतापर्यंत नेला आणि म्हणाला, माझ्या मतदारसंघात स्टेशनमागच्या गल्लीत एक विधवा शिंपीण आहे, तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तिचे हात थरथरतात, डोळ्यांत पाणी आणून ती मला म्हणाली, साहेब, आमच्यासाठी काहीतरी करा.

स्टेशनमागच्या गल्लीत शिंपीण एकच. मी.

मी विधवा नाही. हे शेजारीच बसून मटार सोलत होते. म्हटलं, ऐकलंत का, तुम्ही गेलात. म्हणाले, कधी?

खरी हकिकत: निवडणुकीच्या वेळी हा हात हलवत गल्लीतून जाताना याच्या कोटाचं बटण तुटलं. मी लावून दिलं. कसं चाललंय विचारलं, बरं चाललंय म्हटलं. संपलं. डोळ्यांतलं पाणी सर्दीचं होतं.

सुईत दोरा सूनबाई ओवते, हे खरं आहे. तिला आवड आहे म्हणून.

संकल्प: या माणसाला त्याच सभागृहात तोंडघशी पाडायचं. आजपासून त्याचं नाव हातवारेसाहेब.

४ मार्च
वकीलसाहेब दुरुस्तीला टाकलेला काळा कोट तसाच परत घेऊन गेले. घाई नाही मावशी, सावकाश बघू म्हणाले. परवा याच माणसाला घाई होती.

मग हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन. पासष्ट नर्सेसचे गणवेश, तीस वर्षं दरसाल माझ्याकडे. तेच खरं दुकान. बाकी सगळं पँटची चेन बदलणं. बाईंनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तीही इतक्या गोड आवाजात की मी पेशंट आहे की काय असं वाटलं. मग म्हणाल्या, यंदाचं काम कुणाला द्यायचं ते वीस तारखेला ठरवू. ठरवू! तीस वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता.

वीस तारखेच्या आत सूड पूर्ण व्हायला हवा. सोळा दिवस. पुष्कळ आहेत.

५ मार्च
हातवारेसाहेबांना तीन पानी पत्र लिहिलं. माफी मागा, तीही उभं राहून, तिथेच, हात खाली ठेवून. सूनबाई म्हणाली, आई, मी टाईप करून देते. नको म्हटलं. रागाचं पत्र स्वतःच्या अक्षरात हवं. हे म्हणाले, ओळी डोंगर चढतायत. कागद वाकडा होता.

७ मार्च, संध्याकाळ
चर्चा अजून चालू आहे. माझी प्रकृती झपाट्याने खालावते आहे. विरोधी पक्षाचे एक जाडे सभासद म्हणाले, त्या शिंपिणीच्या दोन मुलींची लग्नं तुमच्या धोरणांमुळे अडली आहेत. मला मुली नाहीत. एक मुलगा आहे, त्याचं लग्न झालेलं आहे, बायको इथे बसून काजं करते आहे. मग एक बाई उठल्या आणि त्यांनी माझं छप्पर गळकं केलं. शेवटी मंत्री म्हणाले, मी स्वतः त्या माउलीशी बोललो, ती हसतमुख आहे, तिचा सरकारवर पूर्ण विश्वास आहे.

मी हसतमुख नाही. हे कुणालाही विचारा.

ह्यांनी सुचवलं की सोडून दे, नाव कुठे घेतलंय तुझं. मेलेल्या माणसाने मध्ये बोलू नये, असं मी त्यांना सांगितलं.

सुडाच्या यादीत आता चौघे आहेत. पण सुरुवात पहिल्यापासून.

१० मार्च
पत्राचा परिणाम! हातवारेसाहेबांचा पीए स्वतः दुकानात आला. मला वाटलं, माफीनामा आणला. त्याने राखाडी कापडाचा तागा काढला. म्हणाला, तुमचं पत्र बघून साहेबांचं मन भरून आलं. अक्षर काही लागलं नाही, पण त्या चढउतार ओळी बघूनच साहेब म्हणाले, यात सगळं आलं. अठरा तारखेला मतदान आहे, साहेबांचं शेवटचं भाषण. त्या दिवशी तुमच्याच हातचा कोट घालून उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलंय.

मी ताबडतोब हो म्हटलं. इतक्या पटकन की सूनबाईने काज सोडून वर पाहिलं.

तिला कळणार नाही. पण कोटाची बाही जिथे बसते, तो मुंढा जरा जास्त खोल कापला आणि बाही अरुंद ठेवली, तर हात खाली असताना कोट राजबिंडा दिसतो. हात वर करायला गेलं की अडतो. खांद्याच्या वर जातच नाही. आणि हा माणूस हात वर केल्याशिवाय एक वाक्य बोलू शकत नाही. ना हात, ना वाक्य. अख्ख्या देशासमोर मुका.

रागाच्या भरात सुचलेली गोष्ट इतकी उत्तम असू शकते, याचं मलाच कौतुक वाटलं.

१२ मार्च
ट्रायल. हातवारेसाहेब, पीए, दोन फोटोवाले. आल्या आल्या मला आजी म्हणाला. पंचावन्नचा घोडा. मी फक्त अठ्ठावन्न वर्षांची आहे (कागदोपत्री चौसष्ट, पण तो शाळेतला घोळ आहे).

हात हलवू नका, टाचण्या आहेत, असं बजावलं. खांब होऊन उभा राहिला. एकदाच म्हणाला, आजी, काखेत जरा आवळतंय. म्हटलं, नवा कोट आहे साहेब, अंगाची ओळख व्हायला वेळ लागतो. फोटोवाल्याने मला सुईत दोरा ओवायला सांगितलं. नाही गेला. समोर फ्लॅश मारल्यावर कुणाचा जाईल?

जाताना याने माझे दोन्ही हात हातात धरले. बराच वेळ. सूड नसता तर भोसकला असता कात्रीने.

१५ मार्च
उजवी बाही मी एकटीने शिवली. सूनबाई तीनदा म्हणाली, आई, द्या इकडे, मी टीप मारते. दिलं नाही. हे काम खाजगी आहे. दोरा पाचव्या खेपेला गेला. सुया हल्ली बारीक भोकाच्या काढतात. शिलाई दुहेरी मारली, हत्तीने ओढली तरी सुटणार नाही अशी.

रात्रीचं जेवण दोन घास जास्त गेलं.

१८ मार्च, सकाळी अकरा पंचवीस
उभा राहिला. कोट सुरेख दिसतो आहे. हात खाली.

अकरा अठ्ठावीस
हात खालीच! दोनदा वर न्यायला गेला, खांद्यापाशी अडला. वाक्यं अर्धवट सुटतायत. लाकडी बाहुला. मागच्या बाकावरचे जांभया देतायत. हे म्हणाले, आज बरा नाही वाटतं बिचारा. मी काही बोलले नाही. थोर माणसं विजयाच्या क्षणी बोलत नाहीत.

अकरा एकतीस
म्हणाला, मी या सभागृहाला विचारतो, आणि जोर लावून हात वर नेला. टर्र. माईकवर स्पष्ट ऐकू आलं. बाही खांद्यापासून सुटून लोंबकळते आहे. सगळे हसतायत! मी ह्यांना मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच, दिवसाढवळ्या.

दुपारी दोन
लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

त्याने कोट काढला. शांतपणे. बाही उलटी करून धरली. म्हणाला, हसा. हा कोट त्या माउलीने शिवलाय. सुनेला हात लावू दिला नाही, ट्रायलला तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता हे मी डोळ्यांनी पाहिलं, तरी तिने शिवला. ही शिलाई बघा. बोटबोटभर टाके सुटलेत, आणि तिला ते दिसले नाहीत. कॅमेऱ्याने बाही जवळून दाखवली. टीव्हीवर हाताएवढे टाके. कुठे कापडात, कुठे हवेत.

कुणी हसलं नाही मग. जाड्या सभासदाने रुमाल काढला. छप्परवाल्या बाईंनीही. विधेयक एकमताने मंजूर.

सूनबाई टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिला सुनावलं, सुनेचं त्या पीएला कुणी सांगितलं? म्हणाली, मीच, आई, कोट न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं म्हणून. दोरा कच्चा होता हे नक्की. दोरेवाल्याचं नाव यादीत घातलं आहे. पाच.

२० मार्च
मेट्रनबाई स्वतः आल्या. काम आमच्याच दुकानाला. मी म्हटलं, मला खात्री होती. त्यांनी कागद पुढे केला तो सूनबाईच्या हातात. शिवणार ती, मापं घेणार ती, सही तिची. मला म्हणाल्या, मावशी, तुमचा कोट बघून वॉर्डातल्या सगळ्या मुली रडल्या, आता तुम्ही आराम करा. सूनबाई हळूच म्हणाली, कापायला तरी आईच हव्यात. बाई म्हणाल्या, बघू.

हे उद्यावर ढकलणार नाही. डोळे ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट आणून मेट्रनबाईंच्या टेबलावर आपटायचं, एक प्रत हातवारेसाहेबांना, असं ठरवून तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लांबचा तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर मी एका दमात वाचलं. खाली काही छापलेलं नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, खाली सात ओळी आहेत.

तक्ता कुणाचा म्हणून विचारलं. सरकारी.

वाटलंच.