मराठीचं कपाट

अप्पा, भालकीच्या वाचनालयात तुमच्याच खुर्चीवर आता मी बसते. तुम्ही असता तर बसस्टँडवरच्या कंडक्टरांनासुद्धा पेढे वाटले असते. म्हणूनच जास्त लाज वाटायलीय.

जिल्ह्याहून पुस्तकांचे गठ्ठे यायचे ते आठवतं. अक्षरं देवनागरी दिसली की तिथले लोक सगळंच हिंदीत ढकलायचे. मग तुम्ही फरशीवर मांडी घालून मराठी पुस्तकं वेचून काढायचात, आई ज्वारीतले खडे काढायची तशी, आणि कोपऱ्यातल्या दार न लागणाऱ्या कपाटात लावायचात. एकदा मी घाईघाईत एक मराठी पुस्तक हिंदीच्या कपाटात खोचलं, तर केवढ्यानं ओरडलात! "कामून टाकलीस तिकडं? शेजारची बाई बी तुझ्या आईसारखंच लुगडं नेसती, तिला आई म्हणतीस का?" बाकावर बसलेले सगळे हसले, मी रडले. संध्याकाळी उदगीरच्या गाडीनं मराठी पेपर आला, तुम्ही तो रोजच्यासारखा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलात, आणि पानं उलटायचं काम मला दिलंत.

मागच्या महिन्यात नवे रॅक आले, कर्नाटक सरकारचा कॉम्प्युटर आला. त्यातल्या भाषांच्या यादीत कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू होतं, मराठी नव्हतं. ते बसवून द्यायला बीदरहून आलेल्या साहेबांनी साधेपणानं विचारलं, "मॅडम, ही मराठी पुस्तकं कुठं घालायची?" आणि मी म्हणाले, "हिंदीत घाला, सर." त्यांनी काही जबरदस्ती केली नव्हती. मलाच 'मराठीवाली' म्हणून कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं. तुमचं कपाट भंगारात गेलं.

काल हुलसूरकडची एक म्हातारी आली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी नुकतीच निघालेली. "आता दिसायलंय गं माय. मराठी पुस्तक हाय का?" आमच्या क्लार्कनं कॉम्प्युटरात बघितलं आणि चांगल्या मराठीत सांगितलं, "मराठी न्हाई, अक्का." ती म्हणाली, "आसं कसं? पयलं लई व्हती. एक अण्णा पेपर वाचून दाखवायचे." मी शेजारीच होते, अप्पा. समोर तेच साहेब, तपासणीला येऊन बसलेले. मागच्या रॅकवरच पुस्तकं होती, उठून चार पावलं जायचं होतं. मी फाईलमध्ये तोंड घातलं. ती थोडा वेळ दारात थांबली, मग गाडी चुकेल म्हणून गेली.

साहेब आज बीदरला परत गेलेत. हिंदीच्या पाटीखाली 'मराठी' एवढं लिहायला एक खडू पुरे. तो सकाळीच विकत घेतला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. खडू अजून पर्समध्येच आहे.