अडकलेला जोड

ग्रेलिंग, मिशिगन
एप्रिलचा शेवटचा रविवार

माझ्या हट्टी बाबांना,

काल इथला मासेमारीचा मोसम उघडला. काठावर अजून बर्फ होता, पण तुम्ही करून दिलेल्या बांबूच्या गळाच्या काठीला तासाभरात ट्राउट मासा लागला. चांगला हातभर होता. बरोबर आलेले शेजारचे डेल्बर्टकाका म्हणतात, वीतभर. सोडून दिला, त्यामुळे हे भांडण काही मिटायचं नाही.

काठीवरच्या दोरीच्या कड्यांत सारखा बर्फ धरायचा. तुमच्यासारखीच पाण्यात बुडवून वितळवत होते. मोजे दोन-दोन घातले होते, तेव्हा ओरडू नका.

घरी निघताना मात्र काठीचे एकमेकांत बसवलेले दोन तुकडे जोडातून सुटेनात. डेल्बर्टकाका ओरडले, "अगं, पिळू नकोस! बापाने हिवाळाभर बसून केली, तू मोडतेस होय?" मग आम्ही समोरासमोर उभे राहिलो. प्रत्येकाचा एक हात जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि सरळ ओढलं. तुम्ही आणि आई स्वयंपाकघरात ओढायचात, तसंच.

आई गेल्यापासून तुमच्याबरोबर कोण ओढतं, बाबा?

तुमची काठी अडकली असेल तर एकट्याने झटू नका. तशीच भिंतीला टेकवून ठेवा. मेमध्ये येतेय मी, मग दोघं ओढू.

तुमच्याच हट्टाची,
नेल